मेलेल्या पोर्टचं नाव

नवे साहेब रुजू होऊन आठवडाही झाला नव्हता, पण सर्व्हर रूममध्ये येऊन रोज कुणाची तरी हजेरी घ्यायचे. आज पाळी मॅडमची होती. त्या इथल्या नेटवर्कच्या सगळ्यात जुन्या इंजिनिअर.

“हा राउटर बाकीच्या राउटरना स्वतःची ओळख म्हणून जो पत्ता सांगतोय, त्या पत्त्याचा पोर्ट तर जळलाय ना?”

“हो सर. आपण हाताने ओळख दिली नाही, तर राउटर सुरू होताना आपल्या चालू पोर्टांमधला सगळ्यात मोठा पत्ता उचलतो आणि तोच स्वतःची ओळख म्हणून सांगत सुटतो.”

“अहो, पण आता तो पोर्टच राहिला नाही!”

“पोर्ट मेला तरी ओळख तीच राहते, सर. रीस्टार्ट करेपर्यंत.”

“मग करा की रीस्टार्ट! मेलेल्याचं नाव किती दिवस लावून बसायचं?”

मॅडमनी कीबोर्ड पुढे ओढला, तेवढ्यात त्यांचा मोबाइल वाजला.

“हॅलो, टिंगूची आई बोलतेय... हो बाई, दप्तर वर्गातच राहिलंय, येते मी न्यायला... द्या ना त्याची जागा दुसऱ्या मुलाला. तो गेला म्हणून तुम्ही तरी किती दिवस रिकामी ठेवणार?”

फोन बाजूला ठेवून त्या साहेबांकडे वळल्या.

“हं, काय म्हणत होतात सर?”

साहेब त्या जळक्या पोर्टकडेच बघत राहिले.

“काही नाही,” ते म्हणाले. “राहू दे तेच नाव.”