शेंदराखालचा आकडा

टेकडीच्या माथ्यावर पोचेपर्यंत मोजणीदार अय्याजचा जीव नुसता कंठाशी आला होता. लालीबाई रोजच्या चालीनं चढली होती. तिला धाप लागली होती ती भीतीनं. मागून तिचा नवरा शंकरसिंग येत होता.

समोर मरियामा देवी, बंजारा तांड्याची याडी, म्हणजे आई. गुडघाभर उंच, शेंदरानं थापलेली, चांदीचे दोन डोळे. पूर्वी निजामाचा मुलूख आणि वऱ्हाड यांची हद्द याच माथ्यावरून जायची. मिठाच्या गोण्या लादलेले बैल घेऊन तांड्याचे पूर्वज हद्द ओलांडत आणि इथं शेंदूर लावत. पिढ्यान्‌पिढ्या लावत राहिले, दगड कुठला दिसायला!

"जुन्या नकाशात इथं सतरा नंबरचा हद्दीचा दगड आहे," अय्याज म्हणाला. "नंबर दिसला तं खालचं वावर तुमचं. नाही तं जंगल खात्याचं. परवा कुंपण घालून राह्यले."

"मंग खरवडा ना, साहेब."

"मी हात नाही लावणार, भाभी. माझं नाव अय्याज आहे. उद्या तांडा पेटला तं मले कोण वाचवंल?"

शंकरसिंग पहिल्यांदाच बोलला. "याडीनं आपणहून कवच टाकलं तं टाकलं. माणसानं काढू नये."

खाली त्यांचं वावर दिसत होतं. यंदा बोंडअळीनं सगळी पऱ्हाटी खाल्ली, पण जमीन तर शिल्लक होती. तीच गेली तर पुढच्या साली पेरायचं कुठं? लालीबाईला नवऱ्याचा राग आला, देवीचा आला, स्वतःचा सगळ्यात जास्त आला. तिनं कमरेचा विळा काढला.

"याडी, माफ कर," ती म्हणाली आणि घाव घातला.

शंकरसिंगनं डोळे घट्ट मिटून घेतले. तिसऱ्या घावाला कवच डोळ्यांसकट खाली आलं. आत काळा, चौकोनी दगड. अय्याजनं वाकून त्यावर फुंकर मारली.

"सतरा," तो म्हणाला आणि घाईघाईनं फोटो काढू लागला.

लालीबाई ढसाढसा रडली. जमीन वाचली होती. शंकरसिंग पागोटं सोडून त्यात शेंदराचे तुकडे वेचत होता.

"घरी नेऊ," ती डोळे पुसत म्हणाली. "कोनाड्यात बसवू. रोज पुजू."

त्यानं मातीतून चांदीचा एक डोळा उचलला आणि तळहातावर धरला.

"टेकडी चढल्याबिगर भेटते, थे याडी कायची वं?"