स्टुलावरची वहिनी

"उद्यापासून तुमची बायको इथे नको," मालकीणबाई म्हणाल्या.

वायरमनने मान वर केली नाही. तो निळ्या गाडीच्या इंजिनावर वाकला होता. शेजारी स्टुलावर त्याची बायको मांडीत वायरची बंडलं घेऊन बसली होती. तिने ते ऐकलं, आणि हातातली वायर नवऱ्याच्या हातात ठेवली.

बाईंचं काही चुकत होतं असंही नाही. गॅरेजमध्ये कामाला येताना कोणी बायकोला सोबत आणतं का? दोन वर्षं हा प्रकार चालला होता. हे वायरमनसाहेब नुसता हात पुढे करायचे, "लाल दे," म्हणायचे, आणि ती द्यायची. बंडल दोन हातांवर असलं तरी उठून घेणार नाहीत. मेकॅनिक म्हणायचा, वहिनींनी याला पुरता मुठीत ठेवलाय. रंगकामवाला म्हणायचा, छे, फोन घेणाऱ्या मुलीपासून वहिनी याला जपतायत. मागे वहिनी तापाने पडल्या, तर यानेही तीन दिवस रजा टाकली. त्यावर पोरं महिनाभर हसत होती.

बाईंना हसू येत नव्हतं. वडिलांच्या मागे हे गॅरेज त्यांनी एकटीने उभं ठेवलं होतं. स्वतःच्या नवऱ्यालाही त्या फाटकाच्या आत येऊ देत नसत.

"डॉक्टरीणबाईंची प्रदर्शनाची गाडी आहे ही," त्या म्हणाल्या. "शनिवारी त्या चार माणसं घेऊन येणार. बॉनेट उघडलं की नुसतं इंजिन दिसलं पाहिजे, एक वायर दिसता कामा नये. आणि तुम्ही त्यांच्यासमोर बायकोकडे वायरी मागत बसणार?"

"बाई, ती कुणाच्या अध्यात ना मध्यात."

"मला कळतं ते. पण एकट्याने जमत असेल तर करा. नसेल जमत, तर सोमवारपासून येऊ नका."

आता मात्र त्याचा हात थांबला. त्याने बायकोकडे पाहिलं. तिने बंडलं घट्ट धरली होती.

"जमेल," तो म्हणाला. "फक्त आजचा दिवस तिला बसू द्या. आणि नवी बंडलं एक रात्र घरी नेतो. तुकडे कापून आणतो."

घरी बसून कोणी काम करणार असेल तर नाही कशाला म्हणा. बाईंनी होकार दिला.

काम किचकट होतं. इंजिनाभोवती लोंबणारी एकेक वायर कापायची, तिला हातभर नवा तुकडा जोडून लांब करायची, डाग देऊन जोड पक्का करायचा, आणि मग आडवाटेने मडगार्डच्या पोटातून न्यायची. अशा चाळीस वायरी. आधीच्या वायरमनने एकदा घाईत काळीला लाल जोडली होती, आणि गाडी याच दारात पेटली होती. तेव्हापासून भिंतीवर बाईंची पाटी होती: रंगाला रंगच जोडा. या वायरमनच्या हातून मात्र आजवर साधा फ्यूजही उडाला नव्हता. तेवढं बाई मान्य करायच्या.

दुपारी त्यांनी ऑफिसच्या काचेतून पाहिलं. वहिनी स्टुलावरून उठून बॉनेटखाली वाकल्या होत्या आणि बॉलपेनने काहीबाही लिहीत होत्या. किराण्याची यादी असणार. हिचा संसार इथेही सुटत नाही, बाई मनात म्हणाल्या.

निघताना वहिनी ऑफिसच्या दाराशी आल्या.

"बाई, काम करताना त्यांना मध्येच हाक मारू नका. लक्ष मोडलं की माणूस चुकतो."

"नाही मारणार. तुम्ही आता घरी आराम करा."

बुधवारी वायरमन एकटा आला. हजेरीपटावर त्याने लाल पेनाने सही केली.

"अहो, लाल पेन रजेसाठी असतं. काळं तिथे शेजारीच आहे," बाई म्हणाल्या. "लक्ष कुठाय तुमचं?"

"घाईत झालं, बाई."

त्याने गाडीभोवती ताडपत्रीचा पडदा ओढून घेतला आणि कोणी आत यायचं नाही असं बजावलं. तीन दिवस तो पडद्यामागे होता. जेवायलाही बाहेर आला नाही. मेकॅनिकने चहा नेला, तर पडद्याखालून हात बाहेर आला, कप घेतला आणि आत गेला. बायकोशिवाय करमत नाही वाटतं, रंगकामवाला म्हणाला. माणूस हट्टाला पेटला होता.

शुक्रवारी दुपारी चारला त्याने पडदा सारला आणि किल्ली फिरवली. गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. दिवे लागले, हॉर्न वाजला, पंखा फिरला. बाईंनी बॉनेटखाली डोकं घालून पाहिलं. घासूनपुसून ठेवलेल्या ओट्यासारखी जागा होती. मधोमध इंजिन, आणि शोधून एक वायर सापडेल तर शपथ.

बाईंचा ऊर भरून आला.

"बघा, जमलं की नाही? उगाच दोन वर्षं त्या बिचारीला स्टुलावर बसवलंत. डॉक्टरीणबाईंच्या ओळखीच्या अजून चार गाड्या येणार आहेत. सगळ्या तुमच्याच हातात देणार. एकटेच करायच्या."

वायरमनचे डोळे थकून लाल झाले होते. त्याने स्टूल उचललं आणि भिंतीला लावून ठेवलं.

"बरं, बाई," तो म्हणाला. "बंडलं मात्र घरी नेऊ देत जा."

तो गेल्यावर बाईंनी स्वतः झाडू घेतला. सकाळी पाहुणे येणार होते. पडद्याच्या कोपऱ्यात कचऱ्याचा डबा काठोकाठ भरला होता. वायरचे उरलेले तुकडे, आणि प्रत्येक तुकड्याला पांढऱ्या चिकटपट्टीची चिठ्ठी. वर बॉलपेनने गोल गोल बायकी अक्षर. कुठली वायर दिव्याची, कुठली हॉर्नची, त्याच्या खुणा असतील. नवराबायको दोघंही हुशार, बाईंना कौतुक वाटलं.

त्यांनी एक तुकडा उचलून वाचला. कपाळाला आठी पडली. दुसरा उचलला आणि खिडकीच्या उजेडात धरला.

वायर लालभडक होती. चिठ्ठीवर लिहिलं होतं, लाल.