शटरची स्प्रिंग

भाचीच्या साखरपुड्यासाठी चिपळूणला निघायचं होतं आणि गॅरेजचं शटर गुडघ्याएवढं वर येऊन धाडकन खाली बसलं. आतली स्प्रिंग तुटली होती.

"करकरतंय, मिस्त्रीला बोलवून तेलपाणी करून घ्या, असं पावसाळ्याआधीपासून सांगतेय," शरयू म्हणाली.

"लोखंड म्हटल्यावर करकरणारच," अनंतराव म्हणाले, पण आवाजात नेहमीचा जोर नव्हता. रत्नागिरीच्या खाऱ्या हवेनं स्प्रिंग पार गंजली होती. मिस्त्री उद्या येणार होता, साखरपुडा आज होता.

शेवटी शेजारच्या फडक्यांना हाक मारली. दोघांनी मिळून ते जड शटर कसंबसं उचललं आणि डोक्यावर धरून ठेवलं. तेव्हा कुठे अनंतरावांच्या लक्षात आलं, की आता गाडी बाहेर काढायला शरयूशिवाय कोणीच नाही. तिच्याकडे लायसन्स होतं, पण "तुला अंदाज येत नाही" म्हणत त्यांनी तिला कधी स्टिअरिंगला हात लावू दिला नव्हता.

"चावी खिशात आहे," ते कण्हत म्हणाले. तिनं ती काढून घेतली.

"क्लच हळू सोड. डावीकडे भिंत आहे, जरा..."

"तुम्ही शटर सांभाळा."

कुठेही न घासता गाडी बाहेर आली. फडक्यांनी हसू दाबलं. शटर खाली सोडून, घाम पुसत अनंतराव सवयीनं उजव्या दाराशी गेले. शरयूनं हात लांबवून डावीकडचं दार उघडलं.

"बसा," ती म्हणाली. "आणि पट्टा लावा, वळणं फार आहेत."