आधी सूनबाई
सासऱ्यांनी अखेर साथीवरची नवी लस टोचून घेतली. तूर्त घेतलीच नाही, असं धरून चालू. तर, दमेकरी अप्पा सुनेला म्हणाले, “लशीनं माणूस तापून आडवा होतो म्हणे!” “साथीनं कायमचा होतो, अप्पा. तुमची छाती आधीच तोळामासा.” “मग आधी तू घे. शिंगं फुटली नाहीत, तर बघू.” सुनेनं घेतली आणि दुपारी तापानं फणफणली. जन्मात गॅस न पेटवलेले अप्पा चहा घेऊन आले. त्यात साखरेऐवजी मीठ होतं. तिनं सगळा संपवला. मग अप्पांनी तिच्या कपाळावर हात ठेवला. तिची आई गेल्यापासून तिथं कुणाचा हात पडला नव्हता. “काही नाही, शिंगं चाचपतोय,” अप्पा पुटपुटले. दुसऱ्या दिवशी ताप उतरला आणि अप्पांनी बाही वर केली. सुनेची आरोग्य खात्यास नम्र विनंती: सदर तापास आठवडाभर मुदतवाढ मिळावी.