मुरलेलं पाणी

मिस्त्रीने खिडकीखालच्या भिंतीवर अंगठा दाबला. अंगठा आत गेला.

"काका, इथेही पाणी मुरतंय," तो म्हणाला, आणि निळ्या चिकटपट्टीचा तुकडा तोडून त्याने त्या जागी लावला. त्या राहायच्या गाडीत शिरल्यापासूनचा हा अकरावा तुकडा होता.

विकणारा माणूस हुशार निघाला. किल्ली हातात देऊन, काय ते नीट बघून घ्या म्हणत तो फाटकाजवळच्या खोलीत जाऊन बसला होता. गाडी दिसायला मात्र झकास होती. ड्रायव्हरच्या मागे बाक आणि टेबल, मग ओटा, दोन शेगड्या, हातभर बेसिन आणि सगळ्यात मागे आडवा पलंग. भिंतींना नवाकोरा कागद, त्यावर बारीक फुलं. ती फुलं तिथे कशासाठी आली होती ते आता कळत होतं.

काकांना बाजारात 'गॅरंटीवाले' म्हणत. साधी बादली घ्यायची तरी दुकानदाराला नकोसं करून सोडत. किती वर्षं जाईल, चीर गेली तर बदलून देणार का, तसं लिहून द्या. घरातला फ्रीज सव्वीस वर्षांचा होता आणि त्याची पावती अजून कपाटात होती. लग्नाच्या वेळी माझ्या वडिलांकडूनही ह्यांनी लिहून घेतलं असेल, असं काकू चारचौघांत सांगत आणि काका हसत. असा माणूस एका सकाळी उठून, राहायची गाडी घेऊ, समुद्राच्या कडेकडेने हिंडू, असं म्हणाला तेव्हा काकूंनी आधी त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला होता. कुठेतरी पाणी मुरतंय असं त्यांच्या मनात येऊनही गेलं. पण समुद्र म्हटल्यावर त्या हरखल्या आणि पुढचं काही विचारायचं राहून गेलं.

आता त्या मागच्या पलंगावर बसून उशाला कुठली बाजू बरी ते ठरवत होत्या. ऑपरेशनने पार वाळल्या होत्या, पण बोलणं थांबत नव्हतं. पडदे पिवळे हवेत. चपला दाराबाहेर काढायच्या, आत माती नको.

काकांच्या पोटात तीन आठवड्यांपासून एक गोष्ट होती. ऑपरेशन झाल्यावर डॉक्टरांनी त्यांना एकट्याला आत बोलावून सांगितलं होतं, फार तर वर्ष. बाहेर येऊन काकांनी काकूंना सांगितलं, सगळं काढून टाकलंय, आता फक्त अंगात ताकद यायला हवी. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच ते बायकोशी धडधडीत खोटं बोलले आणि तिला ते लगेच पटलं. त्याचंच त्यांना जास्त वाईट वाटत होतं.

मिस्त्री गाडीखाली जाऊन आला, टपावर चढून आला. ओल मोजायच्या यंत्राच्या दोन सुया त्याने भिंतीत टोचल्या तेव्हा काटा सरळ टोकाला गेला. मग त्याने हात पुसले आणि काकांना ओट्याजवळ घेतलं. काकांची स्कूटर तो पंधरा वर्षं दुरुस्त करत होता, त्यामुळे खोटी भीड त्याच्याकडे नव्हती.

"टपाचा सांधा गळतोय. कितीतरी दिवसांपासून. आतलं लाकूड कुजलंय, बाहेरून कळत नाही इतकंच. सगळीकडे पसरलंय. उघडून फायदा नाही काका, उघडलं तर नीट बंदही करता येणार नाही."

काकांनी ओट्याची कड धरली. डॉक्टरही साधारण असंच बोलले होते. फक्त त्यांनी आधी बसायला खुर्ची दिली होती.

मिस्त्री प्रश्नांची वाट बघत उभा राहिला. गॅरंटीवाले म्हटल्यावर निदान तासभर उलटतपासणी होणार हे धरूनच तो आला होता. टायर कुठल्या साली बनले, गॅसची नळी कधीची, सगळं त्याने लिहून आणलं होतं.

काकांनी एवढंच विचारलं, "वर्षभर काढेल ना?"

"वर्षभर?" मिस्त्री गोंधळला. "वर्ष काढेल की. इंजिन धडधाकट आहे. पण त्याच्यापुढे मी काही..."

"पुढचं सोड. वर्ष पुरे."

हे बोलताना काकांना खरोखर बरं वाटलं. कितीतरी दिवसांनी कोणीतरी त्यांना हवं तेवढं दिलं होतं. त्या आनंदात आवाज खाली ठेवायचं त्यांच्या लक्षात राहिलं नाही.

मागे पडद्यांचं बोलणं थांबलं.

काकांनी वळून पाहिलं. काकू मांडीवर हात ठेवून त्यांच्याकडेच बघत होत्या. काका घाईने सांगू लागले की म्हणजे वर्षभर ही वापरून बघायची, जमलं तर मग नवी घेऊ, ह्याच्यापेक्षा मोठी, आणि हल्ली कुठलीच वस्तू फार टिकत नाही. काकूंनी त्यांना पूर्ण बोलू दिलं.

बाईंना ओल आवडलेली नाही असं मिस्त्रीला वाटलं. तो म्हणाला, काकू, तुम्हीच समजवा ह्यांना, दुसऱ्या पुष्कळ गाड्या आहेत.

"मालकांना बोलाव," काकू म्हणाल्या. "घेतोय आम्ही."

मिस्त्री उतरून गेला. काकू पलंगाला धरून उठल्या, दमाने चालत बाकापर्यंत आल्या आणि काकांना हाताने खाली बसवून त्यांच्याशेजारी बसल्या.

"वर्ष झालं की ही विकून टाका," त्या म्हणाल्या. "एकटे झोपू नका हिच्यात. तुम्हाला ओल बाधते."