आधी तिचा घास

हौसाने पुन्हा तोंड मिटून घेतलं तसा दवाखान्यातल्या खाटेशेजारी स्टुलावर बसलेला अनंता पुढे वाकला.

चमचा ओठांना लागला होता. त्यात नाचणीचं घट्ट सत्त्व, तेही जेमतेम चाटण्यापुरतं. गिळायला शिकवणाऱ्या वल्लरी मॅडमनी तो मागे घेतला. "काका, थुंकी नीट गिळतायत त्या. घशाला अडचण नाही. तोंडच उघडत नाहीत, त्याला मी काय करू? नाकातली नळी किती दिवस ठेवणार? आज नाही जमलं तर उद्या पोटाला भोक पाडून नळी घालायची, असं डॉक्टर म्हणालेत."

पोटाला भोक. पुढचं अनंताला काही ऐकूच आलं नाही. अर्धांगाचा झटका आल्यापासून बायकोची वाचा गेली होती, उजवी बाजू गेली होती. डोळे तेवढे शाबूत. त्या डोळ्यांनी ती दिवसभर नवऱ्यावर पाळत ठेवायची. राखण नक्की कोण कोणाची करत होतं, देवच जाणे.

"खा गो," तो म्हणाला. "येक घास खा. कोनाशी भांडतेस?"

हौसाने डाव्या हाताने चमचा ढकलला.

तेवढ्यात त्यांची लेक दीपा कोन गावाहून डबा घेऊन आली. आल्या आल्या तिचं रोजचं सुरू झालं. "बाबा, आज तरी भात खा. चहा-बिस्किटांवर माणूस जगतो का? शेजारची खाट पकडायचीय का तुम्हाला?"

"मी एकविरा आईला बोललोय. हिच्या तोंडात घास जाईपर्यंत भाताला शिवनार नाय. बोललो म्हंजे बोललो."

हट्टी माणूस. हौसाला दवाखान्यात आणलं त्याच दिवशी बोलून बसला होता. आणि आगरी माणसाने भात सोडला म्हणजे जेवणच सोडलं. डबा रोज हौसाच्या डोळ्यांदेखत यायचा आणि डोळ्यांदेखत तसाच परत जायचा.

दीपा चिडून डबा पिशवीत घालायला लागली. हौसाची नजर पिशवीबरोबर फिरली. मॅडमनी पुन्हा चमचा पुढे केला, हौसाने पुन्हा ढकलला. या खेपेला अनंताने नीट बघितलं. ती चमचा नुसता दूर लोटत नव्हती. तो बसला होता त्या स्टुलाकडे लोटत होती.

दीपाचाही हात थांबला. "बाबा," ती हळूच म्हणाली, "आई कधी तुमच्या आधी जेवलीय?"

अनंता आठवायला लागला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण एक दिवस आठवेल तर शपथ.

मग देवीला दिलेला शब्द मोडायचा? आणि मोडल्यावर हिलाच काही झालं तर? उपाशी राहिलो तर हिच्या पोटाला भोक, जेवलो तर देवीचा कोप.

"एकविरा आई, काय काढायचा तो राग माज्यावर काढ," तो पुटपुटला आणि पिशवी ओढून घेतली.

बोंबलाचं कालवण होतं. त्याने भात कालवला, पहिला घास घेतला. हौसा बघत राहिली. मॅडमनी चमचा ओठांशी नेला. ओठ मिटलेलेच.

अनंताला धडकी भरली. शब्दही मोडला आणि पदरातही काही पडलं नाही. पण आता थांबून तरी काय उपयोग? तो खात सुटला. रडत, बाहीला नाक पुसत, सगळा भात संपवला. डबा बोटाने पुसून घेतला, वर घटाघटा पाणी प्यायला.

हौसाने रिकाम्या डब्यात नजर टाकली. मग तिचं वाकडं झालेलं तोंड आपणहून उघडलं.

मॅडमनी सत्त्व जिभेवर ठेवलं आणि दोन बोटं तिच्या गळ्यावर टेकवली. थोड्या वेळाने गळा हलला.

"गेलं," मॅडम म्हणाल्या. दीपा भिंतीकडे तोंड करून हमसाहमशी रडायला लागली.

मॅडम दुसरा चमचा भरत होत्या. "काका, हे आधीच सांगायचंत ना."

अनंता उष्टा हात तसाच घेऊन बसला होता.

"मनाच कुठं ठावं होतं," तो म्हणाला. "सगला जलम मना वाटायचं, हिला भूकच उशिरा लागते."