धुतलेल्या शिम

"आई, इथं पेपरवर चार चकत्या ठेवल्या होत्या. कुठं गेल्या?" ऋतिका दारातूनच ओरडली. हेल्मेट अजून डोक्यावरच होतं.

"त्या व्हय? पाटावर बघ की," मथुराबाई म्हणाल्या. "काय तेल, काय मळ! साबणानं घासून काढल्या."

खंडेनवमी होती. पाटावर पाने, पक्कड, हातोडी, फट मोजायचं फीलर गेज असं सगळं धुऊनपुसून मांडलेलं, त्यावर हळदीकुंकू आणि झेंडू. मधोमध एका वाटीत त्या चार शिम. शर्टाच्या बटणाएवढ्या, लखलखीत आणि सगळ्या एकसारख्या.

ऋतिका मटकन खाली बसली.

एटीव्ही, म्हणजे खडकाळ रानात पळवायची चार जाड चाकांची गाडी. तिच्या इंजिनात चार व्हॉल्व्ह. प्रत्येकाच्या डोक्यावर एक शिम, आणि जिची तिची जागा ठरलेली. त्यांच्या जाडीतला फरक डोळ्याला दिसत नाही, पण गाडी सुरू होणार की नाही ते तेवढ्यावर ठरतं. एका व्हॉल्व्हवरची फट आवळली होती. म्हणून तिनं व्हॉल्व्ह दाबणारा दांडा, कॅमशाफ्ट, उतरवून चारही शिम काढल्या, पेपरवर ओळीनं मांडल्या आणि एकीच्या जागी पातळ शिम आणायला नाना पेठेत गेली. शिमवरचे जाडीचे आकडे कधीच झिजले होते. कुठली कुठं मांडली एवढीच काय ती ओळख, आणि ती साबणाबरोबर मोरीत गेली.

"अगं, एकदा विचारायचंस तरी!"

"वर्षाचा सण. देवापुढं हत्यारं काळी ठिवायची व्हय?"

आता यात चूक कोणाची काढणार? ऑटोमोबाइलची पदवी घेतलेल्या मुलीनं कॅलेंडरात खंडेनवमी कधी आहे तेवढं बघायला हरकत नव्हती.

कात्रजच्या घाटाखालचं त्यांचं सगळं रान आयटीवाल्यांच्या सोसायट्यांखाली गेलं होतं. उरला होता घरामागचा खडकाळ माळ. तिथं ऋतिकानं ट्रॅक काढला, एक जुनी एटीव्ही आणली. तिच्या वडिलांनी, सर्जेरावांनी, गणपतीत शब्द दिला होता: कुठल्या कंपनीनं तिच्या लोकांच्या सहलींसाठी ट्रॅक पसंत केला तर माळ तुझा, नाहीतर बिल्डरचा. कंपनीची माणसं आज दुपारी यायची होती, आणि इथं गाडीचं काळीज उघडं पडलेलं.

तिनं पाटावरच्या फीलर गेजला हात घातला.

"आज न्हाय उचलायचं हत्यार," मथुराबाई आडव्या आल्या. "एक दिस तरी इसावा दे त्यास्नी."

"मग उद्या काय उचलू, आई? बिल्डरच्या विटा?"

पदर सावरून मथुराबाई बाजूला झाल्या. हळदीकुंकू शर्टाला पुसत ऋतिका गाडीपाशी धावली.

आता एकच उपाय. कुठलीही शिम कुठंही बसवायची, वर कॅमशाफ्ट आवळायचा, फटीत फीलरचं पातं सरकवून बघायचं. जमलं नाही की सगळं पुन्हा खोलायचं. पहिल्या खेपेला पातं दोन ठिकाणी शिरलंच नाही. दुसऱ्या खेपेला एका ठिकाणी खडखड हललं. मग एक शिम बोटातून निसटली आणि इंजिनाच्या तोंडाशी अडकली. आत पडली असती तर अख्खं इंजिन उतरवावं लागलं असतं. तिनं ती दोन बोटांनी अलगद उचलली. रडू येत होतं, पण रडत बसायला वेळ कुठला?

"देवा, एवढं बसू दे रे," ती पुटपुटली. "पुढच्या वर्षी सगळी हत्यारं मी स्वतः घासते."

सर्जेराव ओट्यावर बसून होते. एरवी या माणसाला शेजाऱ्याच्या नळालासुद्धा सल्ला दिल्याशिवाय राहवत नाही. आज मात्र एकदाच म्हणाले, "ऱ्हाऊ दे गं. दोन घास खाऊन घे."

"आप्पा, प्लीज! आत्ता नको."

पेठेतून आणलेली नवी शिम तिसऱ्या व्हॉल्व्हवर गेली. जुन्या चारांपैकी तीन तिनं पुन्हा फिरवून लावल्या, कॅमशाफ्ट आवळला. पातं घातलं. किंचित घासत, पण सरकलं. दुसऱ्यात सरकलं. तिसऱ्यात, चौथ्यातही सरकलं. तिनं झाकण लावलं, बोल्ट आवळले आणि स्टार्टर दाबला.

इंजिन खोकलं, थांबलं. तिनं पुन्हा दाबलं. पुन्हा खोकलं, आणि धडधडत सुरू झालं ते एका दमात, कुठंही न अडखळता.

"आप्पा! आप्पा, बघा!" ती लहान पोरीसारखी उड्या मारत होती. काळ्या हातांनी डोळे पुसल्यामुळं तोंड सगळं बरबटलेलं. मथुराबाई पदर तोंडाला लावून आत गेल्या. ऋतिकाला वाटलं, आईला आनंद झाला.

सर्जेराव उठून जवळ आले आणि खाली बघत काहीतरी बोलले.

"काय?" तिनं हसत विचारलं.

"कंपनीवाल्यांना फोन कर. येऊ नका म्हणावं."

"ऐकू येत नाही, आप्पा! मोठ्यानं बोला!"

घटस्थापनेपासून जे त्यांच्या तोंडून निघत नव्हतं, ते सर्जेरावांना आता साऱ्या माळाला ऐकू जाईल असं ओरडावं लागलं.

"माळाचा इसार घेतलाय, पोरी! बिल्डरकडनं कवाच घेतलाय!"